परागकणापासून राष्ट्राध्यक्षाच्या टेबलापर्यंत: युद्धातल्या गुन्ह्यांसाठी नेत्यांवर खटला चालतो का?



मागच्या लेखात मी बोस्नियाबद्दल जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते. युद्धानंतर तिथे सापडलेल्या सामूहिक कबरी एकमेकींशी जोडायला परागकणांचा उपयोग झाला, एवढं सांगून मी पुढे गेले होते. बाबांनी तो लेख वाचला आणि रात्री फोन केला. एरवी ते "छान लिहिलंस" म्हणून फोन आईकडे देतात. या वेळी त्यांनी विचारलं, "ते परागकणांचं कळलं. पण ज्यांनी हुकूम दिला त्यांचं काय झालं? का नेहमीसारखे शिपाई अडकले आणि साहेब सुटले?"

मी म्हटलं, "नाही हो बाबा, शिक्षा झाली ना."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की शिक्षा नक्की कुणाला झाली, कशासाठी झाली आणि किती वर्षांनी झाली, यातलं मला धड काहीच माहीत नाही. बोस्नियावरचा तो पेपर मी स्वतःच्या कामात कितीतरी वेळा वापरला आहे. त्यातल्या पुराव्याचं पुढे कोर्टात काय झालं, हे बघायचं मात्र कधी सुचलं नव्हतं. म्हणून गेला दीड महिना थिसिसमधून वेळ चोरून मी निकालपत्रं आणि त्यांच्याबद्दलचं बाकीचं वाचत होते. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशेब.

नवीन वाचकांसाठी थोडी ओळख: मी एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात केलं आणि आता पीएचडीसाठी सह्याद्रीतल्या जुन्या तळ्यांच्या गाळात अडकलेले परागकण मोजते. त्यावरून तिथे पूर्वी कुठलं जंगल होतं, शेती कधी आली, हे कळतं. कायदा हा माझा विषय नाही. तरी पुरावा कसा जोडतात, हा प्रश्न मला रोजचाच आहे, आणि या लेखात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहे.

आधी उत्तर सांगून टाकते. युद्धात सत्तेचा गैरवापर करणाऱ्या देशाच्या नेत्यावर खटला चालू शकतो, चालला आहे, जन्मठेपही झाली आहे. पण त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. एक म्हणजे तो नेता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी त्याला कोर्टाच्या हवाली करायला हवं, आणि हे सहसा त्याची सत्ता गेल्यावरच होतं. दुसरी म्हणजे प्रत्यक्ष जागेवर घडलेला गुन्हा आणि दूर राजधानीतलं त्याचं टेबल यांच्यातला दुवा सिद्ध व्हायला हवा. पहिली गोष्ट राजकारणाच्या हातात असते आणि ती कधी जुळेल हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून दुसरी तोवर जपून ठेवावी लागते.

आता जरा सविस्तर.

कैसर, सम्राट आणि कलकत्त्याचे न्यायमूर्ती

राजावर खटला भरायचा, ही कल्पना आपल्याला आज साधी वाटते. शंभर वर्षांपूर्वी ती तशी नव्हती. राजप्रमुख म्हणजेच राज्य, आणि एका राज्याने दुसऱ्या राज्याचा न्याय करायचा नाही, अशी जुनी रीत होती. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्सायच्या तहात कलम २२७ घातलं गेलं. जर्मनीचा पदच्युत कैसर दुसरा विल्हेल्म याच्यावर पाच न्यायाधीशांपुढे खटला चालवायचा, असं त्यात लिहिलं होतं. पण कैसर तोवर नेदरलँड्समध्ये पळून गेला होता. १९२० मध्ये दोस्त राष्ट्रांनी त्याची मागणी केली तेव्हा डच सरकारने साफ नकार दिला. मग कैसर डोर्न गावातल्या आपल्या बंगल्यात लाकडं फोडत राहिला आणि १९४१ मध्ये तिथेच वारला. कलम कागदावर होतं, पण आरोपी ज्यांच्या ताब्यात होता त्यांनी तो दिला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या सनदेत स्पष्ट लिहिलं गेलं की राजप्रमुख असणं ही गुन्ह्यातून सुटण्याची सबब नाही. हिटलरने आत्महत्या केली होती. त्याच्या मागून काही आठवडे जर्मनीचा प्रमुख झालेला ॲडमिरल डोनिट्झ मात्र पिंजऱ्यात उभा राहिला आणि त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. ती शिक्षा मुख्यतः नौदल प्रमुख म्हणून केलेल्या युद्धाबद्दल होती. तिकडे टोकियोत माजी पंतप्रधान तोजो फासावर गेला. सम्राट हिरोहितोवर मात्र आरोपच ठेवला नाही, कारण जपान शांत ठेवायला सम्राट हवा, असं अमेरिकेने ठरवलं होतं.

टोकियोच्या खटल्यात अकरा न्यायाधीश होते. त्यांपैकी भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी वेगळा निकाल दिला, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यांनी सगळ्याच आरोपींना निर्दोष ठरवलं. जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांवर मागाहून केलेले कायदे लावणं त्यांना मान्य नव्हतं. जर्मन नेत्यांच्या हुकमांशी तुलना करता येईल असं पॅसिफिक युद्धात काही असेल तर ते अणुबॉम्ब टाकायचा निर्णय, असंही त्यांनी नोंदवलं. इथवरचं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की जपानी सैन्याने अत्याचार केले हे पाल यांनी नाकारलं नव्हतं. अत्याचार झाले, पुरावा भरपूर आहे, पण ते या पिंजऱ्यात बसलेल्या नेत्यांनी घडवले हे सिद्ध झालेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

याच्या अगदी उलटं टोक जनरल यामाशिता याच्या खटल्यात दिसतं. १९४५ मध्ये मनिलात जपानी सैन्याने हजारो नागरिक मारले. यामाशिताने तसा हुकूम दिल्याचा पुरावा नव्हता आणि त्याचा आपल्या तुकड्यांशी संपर्क बराचसा तुटला होता. तरी सैन्याला आवर घातला नाही, म्हणून अमेरिकी लष्करी आयोगाने त्याला दोषी ठरवलं आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये फाशी दिली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्याही दोन न्यायाधीशांना हे पटलं नव्हतं.

म्हणजे एकीकडे दुवा जवळपास गृहीत धरला गेला आणि दुसरीकडे तो पुरेसा नाही म्हणून सगळे सुटायला हवेत असं म्हटलं गेलं. या दोन टोकांच्या मध्ये काहीतरी नीट उभं राहायला पुढची पन्नास वर्षं जावी लागली. ते उभं राहिलं बोस्नियात.

जुलै १९९५

युगोस्लाव्हिया फुटला आणि १९९२ मध्ये बोस्नियात युद्ध पेटलं. बोस्नियातल्या सर्बांनी आपलं वेगळं 'रेपुब्लिका स्र्प्स्का' जाहीर केलं. त्याचा अध्यक्ष रादोवान काराजिच, पेशाने मनोविकारतज्ज्ञ आणि हौसेने कवी. त्याचा लष्करप्रमुख जनरल रात्को म्लादिच. शेजारच्या सर्बियाचा अध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच त्यांच्या पाठीशी होता. ही तीन नावं लक्षात राहू द्या.

पूर्व बोस्नियात स्रेब्रेनित्सा नावाचं छोटं खाणींचं गाव आहे. आजूबाजूच्या खेड्यांतून पळालेले मुस्लिम तिथे दाटीवाटीने राहत होते. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ते 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केलं आणि शांतिसैनिक ठेवले. ११ जुलै १९९५ ला म्लादिचच्या सैन्याने ते गाव घेतलं. बायका-मुलांना बसमध्ये घालून बाहेर पाठवलं, पुरुष आणि वयात आलेली मुलं वेगळी काढली. जे जंगलातून पळत होते त्यांनाही पकडलं. शाळा, गोदामं, शेतं अशा ठिकाणी नेऊन थोड्याच दिवसांत सात ते आठ हजार जणांना गोळ्या घातल्या आणि बुलडोझरने खड्ड्यांत लोटलं.

युगोस्लाव्हियातल्या गुन्ह्यांसाठीचं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण त्याआधी दोन वर्षं, १९९३ मध्येच, सुरक्षा परिषदेने हेगला स्थापन केलं होतं. म्हणजे कोर्ट अस्तित्वात असताना हे हत्याकांड झालं. कोर्ट आहे म्हणून कुणी थांबलं नाही. हे मला फार खुपलं, आणि तुमच्यापासून लपवायचं कारण नाही.

ऑगस्टमध्ये अमेरिकेने सुरक्षा परिषदेत विमानातून काढलेले फोटो दाखवले. त्यात ताजी उकरलेली जमीन दिसत होती. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खड्डे पुन्हा उघडले गेले. यंत्रांनी प्रेतं उपसून ट्रकमध्ये भरली आणि मैलोन् मैल दूर, आडरस्त्यांना नव्या खड्ड्यांत पुरली. एका माणसाचा सांगाडा दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी विखुरला. आपल्या माणसाचं एकेक हाड मिळेल तसं वेगवेगळ्या वेळी दफन करायचं की सगळं मिळेपर्यंत थांबायचं, हा प्रश्न तिथल्या आयांना अनेक वर्षं पडत राहिला.

मातीने काय सांगितलं

आता माझ्या विषयाकडे येते. १९९६ पासून न्यायाधिकरणाने कबरी उकरायला सुरुवात केली. काही मूळच्या होत्या, पण बऱ्याचशा रिकाम्या केलेल्या. काही नंतरच्या. कुठल्या मूळ खड्ड्यातून कुठे प्रेतं नेली, हे दाखवल्याशिवाय हत्या कुठे झाली, किती झाली, हे सांगता येत नव्हतं.

दुवे अनेक प्रकारचे मिळाले. डोळ्यांवर बांधलेल्या पट्ट्यांचं कापड आणि काडतुसांच्या पुंगळ्या जुळल्या. कोझलुक इथला मूळ खड्डा बाटल्या भरण्याच्या कारखान्याच्या फुटक्या काचांच्या ढिगाजवळ होता. तीच हिरवी काच दूर चान्चारीच्या रस्त्यावरच्या कबरीत प्रेतांबरोबर मिळाली. आणि मातीचं काम केलं टोनी ब्राउन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने. १९९७ पासून काही वर्षं त्यांनी तिथे जाऊन प्रेतांभोवतीच्या मातीतली खनिजं आणि परागकण तपासले.

परागकणाच्या बाहेरच्या भिंतीत स्पोरोपोलेनिन नावाचा पदार्थ असतो. तो इतका चिवट असतो की मी लॅबमध्ये गाळाचं सॅम्पल हायड्रोफ्लोरिक ॲसिडमध्ये टाकते तेव्हा वाळू विरघळते आणि परागकण तसाच राहतो. शिवाय प्रत्येक जागेचं परागकणांचं मिश्रण वेगळं असतं. एक मूळ खड्डा गव्हाच्या शेतात होता. गव्हाचे परागकण जड, ते शेतापासून फार लांब उडत नाहीत. त्यामुळे जिथे आसपास गहू नाही अशा ठिकाणी प्रेतांना चिकटलेल्या मातीत गव्हाचे परागकण भरपूर सापडले, आणि भोवतालच्या मातीत मात्र नाहीत, तर ती माती दुसरीकडून आली आहे. कुठून आली, हे खनिजांवरून आणखी पक्कं करता येतं.

नंतर डीएनएचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. बेपत्ता व्यक्तींसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने नातेवाइकांचं रक्त घेऊन ते हाडांशी जुळवलं. २००१ मध्ये पहिली ओळख पटली आणि पुढे जवळपास सात हजार जणांची. "हे सगळे लढाईत मेले" किंवा "इतके लोक मेलेच नाहीत" हे म्हणणं त्यानंतर कोर्टात टिकणं अवघड झालं.

पण इथेच थांबायला हवं. परागकण काय सांगतो? प्रेतं हलवली. कोणी हलवली, कोणाच्या हुकमाने, हे तो सांगत नाही. गव्हाच्या शेतातून राष्ट्राध्यक्षाच्या टेबलापर्यंत अजून बरंच अंतर आहे, आणि पाल यांनी बोट ठेवलं होतं ते नेमकं याच अंतरावर.

एकेक पायरी वर

हे अंतर न्यायाधिकरणाने पायरी पायरीने कापलं.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे द्राझेन एर्देमोविच, विशीतला सैनिक. १९९६ मध्ये त्याने स्वतः कबुली दिली की ब्रान्येवोच्या शेतावर १६ जुलैला आपल्या पथकाने दिवसभर गोळ्या घातल्या आणि अंदाजे १,२०० माणसं मारली. त्याला अपिलानंतर पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या सांगण्यावरून तपास अधिकाऱ्यांना जागा मिळाली आणि जमिनीतल्या पुराव्याने त्याचं सांगणं खरं ठरवलं.

त्यावरची पायरी म्हणजे जनरल क्रस्तिच, त्या भागातल्या सैन्यदलाचा प्रमुख. २००१ मध्ये त्याला वंशसंहारासाठी ४६ वर्षांची शिक्षा झाली. २००४ मध्ये अपिलात ती ३५ वर्षांवर आली, कारण त्याचा स्वतःचा वंशसंहाराचा हेतू सिद्ध होत नाही, त्याने मदत केली एवढंच सिद्ध होतं, असं न्यायाधीश म्हणाले. प्रेतं हलवण्याचा मुद्दाही याच खटल्यात पुढे आला. इतकी यंत्रं, ट्रक आणि इंधन कुठल्या चार बेभान सैनिकांच्या खिशातून येत नाही. सप्टेंबर १९९५ मध्ये लष्करी मुख्यालयाने पाच टन इंधन मंजूर केल्याचा कागद कोर्टापुढे होता. गुन्हा लपवण्यासाठी केलेली धडपड हाच वरपर्यंत जाणारा धागा ठरला.

आणि सगळ्यात वर काराजिच. हा माणूस १९९५ मध्येच आरोपी ठरला होता, पण तेरा वर्षं सापडला नाही. जुलै २००८ मध्ये बेलग्रेडमध्ये तो पकडला गेला तेव्हा पांढरी दाढी वाढवून, डोक्यावर शेंडी बांधून, 'दाबिच' नावाने पर्यायी उपचार करणारा वैदू बनून राहत होता. मासिकांत लेख लिहायचा, व्याख्यानं द्यायचा. सर्बियाला युरोपीय संघाचं दार उघडून हवं होतं, सरकार बदललं होतं, आणि मग तो 'सापडला'.

त्याच्याविरुद्धचा पुरावा वाचताना मी दोनदा उठून फिरून आले. हजारो माणसं मारण्याचा, काराजिचच्या सहीचा एकही कागद नाही. आहे तो मार्च १९९५ चा एक आदेश, त्याच्या सहीचा. स्रेब्रेनित्सा आणि झेपा इथल्या लोकांना जगण्याची काहीच आशा उरणार नाही अशी असह्य परिस्थिती निर्माण करावी, असा त्याचा आशय आहे. आणि आहे १३ जुलैच्या रात्रीचं एक चोरून ऐकलेलं बोलणं. स्रेब्रेनित्सासाठी काराजिचने नेमलेला मुलकी अधिकारी देरोन्यिच एका मध्यस्थामार्फत त्याच्याशी बोलतोय. किती हजार आहेत, अशी विचारणा होते. सध्या दोनेक हजार, असं उत्तर येतं. मग सांगितलं जातं की सगळा 'माल' उद्या दुपारपर्यंत गोदामांत गेला पाहिजे, आणि तिथल्या गोदामांत नको, दुसरीकडे.

माल. कोर्टाला ठरवायचं होतं की हा माल म्हणजे काय. त्या रात्री देरोन्यिचच्या भागात हजारो कैदी अडवून ठेवलेले होते. दुसऱ्या दिवशी ते झ्वोर्निकच्या बाजूला नेले गेले, शाळांत कोंडले गेले, आणि तिथेच मारले गेले. झ्वोर्निकच्या बाजूला म्हणजे नेमकं कुठे, हे कशावरून कळलं? साक्षींवरून, आणि त्या कबरींवरून. म्हणजे काच, काडतुसं आणि माती त्या टेलिफोनवरच्या एका शब्दाचा अर्थ लावायला उपयोगी पडली. पुराव्यावरून निघू शकणारा हाच एकमेव सयुक्तिक निष्कर्ष आहे का, अशी कसोटी न्यायाधीशांनी लावली. आमचे गाइड दर आठवड्याला मला जे विचारतात तेच हे: "दुसरं काही कारण असू शकत नाही, हे दाखवलंस का?"

२४ मार्च २०१६ ला काराजिच स्रेब्रेनित्साच्या वंशसंहारासह अकरापैकी दहा आरोपांत दोषी ठरला. शिक्षा ४० वर्षं, २०१९ मध्ये अपिलानंतर जन्मठेप. अकरावा आरोप होता १९९२ मध्ये इतर गावांत झालेल्या वंशसंहाराचा. त्यातून तो सुटला, कारण तो हेतू न्यायाधीशांच्या मते सिद्ध झाला नाही. म्लादिचला २०११ मध्ये अटक झाली, २०१७ मध्ये जन्मठेप झाली आणि ती २०२१ मध्ये कायम झाली. गुन्ह्यापासून शेवटच्या निकालापर्यंत सव्वीस वर्षं.

आणि तिसरा?

तिसरा, मिलोशेविच. इथे बाबांना दिलेलं माझं उत्तर चुकीचं ठरतं.

मे १९९९ मध्ये, कोसोवोतल्या गुन्ह्यांसाठी, त्याच्यावर आरोपपत्र निघालं. पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षावर आंतरराष्ट्रीय कोर्टाने आरोप ठेवण्याची ही पहिलीच वेळ. पण तो तसाच पदावर बसून राहिला. २००० मध्ये निवडणूक हरला आणि लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे त्याला जावं लागलं. एप्रिल २००१ मध्ये त्याला त्याच्या स्वतःच्या देशात अटक झाली ती सत्तेचा गैरवापर आणि आर्थिक गैरव्यवहार यांसाठी. हत्याकांडांचा त्यात उल्लेखही नव्हता. त्याला हेगला पाठवावं म्हणून सर्बियावर दबाव होता. २८ जूनला त्याला पाठवलं गेलं, आणि दुसऱ्याच दिवशी देणगीदार देशांची बैठक होती. घटनात्मक न्यायालयाने स्थगिती दिलेली असतानाही पंतप्रधान जिंजिच यांनी हा निर्णय घेतला. २००३ मध्ये जिंजिच यांचा खून झाला.

खटला फेब्रुवारी २००२ मध्ये सुरू झाला. कोसोवो, क्रोएशिया आणि बोस्निया मिळून ६६ आरोप. मिलोशेविचने वकील नाकारला आणि स्वतःच बाजू मांडली. हृदयाच्या आजाराने सुनावणी पुन्हा पुन्हा थांबायची. बचावाचा पुरावा संपत आला असताना, ११ मार्च २००६ ला, तो कोठडीत मेला. निकाल नाही. दोषी नाही, निर्दोष नाही. चार वर्षांचा खटला आणि त्याच्या शेवटी कोरं पान.

पुरावा होता, कोर्ट होतं, आरोपीही ताब्यात होता. फक्त वेळ पुरला नाही.

बाकीचे कुठे आहेत?

लायबेरियाचा माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर याला शेजारच्या सिएरा लिओनमधल्या अत्याचारांसाठी २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली. बंडखोरांना हिऱ्यांच्या बदल्यात शस्त्रं पुरवणं आणि हल्ल्यांच्या आखणीत भाग घेणं सिद्ध झालं. तो बंडखोरांचा प्रत्यक्ष सेनापती होता, हा आरोप मात्र सिद्ध झाला नाही. पुन्हा तोच दुव्याचा प्रश्न. आणि तोही कोर्टापुढे आला तो सत्ता सोडून नायजेरियात आश्रय घेतल्यानंतर, नायजेरियाने हात काढून घेतल्यावर.

सुदानचा अध्यक्ष ओमर अल-बशीर याच्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २००९ मध्ये वॉरंट काढलं. तो २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जाऊन तिथल्या कोर्टाचा मनाई हुकूम असताना निघून आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारत-आफ्रिका परिषदेसाठी तो दिल्लीतही येऊन गेला. भारताने या न्यायालयाचा रोम करार स्वीकारलेला नाही. १९९८ मध्ये त्यावर मतदान झालं तेव्हा आपण तटस्थ राहिलो. त्यामुळे सदस्य देशांवर असतं तसं अटकेचं बंधन आपल्यावर नव्हतं. ही बातमी तेव्हा मी वाचली असणार, पण मला काही आठवत नाही. मी तेव्हा कॉलेजात होते आणि बशीर कोण हे माहीत नव्हतं.

मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर युक्रेनमधल्या मुलांना बेकायदा रशियात नेल्याबद्दल, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतान्याहू यांच्यावर गाझातल्या युद्धाबद्दल वॉरंट निघालं. पुतिन २०२४ मध्ये मंगोलियाला जाऊन आले, नेतान्याहू २०२५ मध्ये हंगेरीला. दोन्ही देश त्या वेळी न्यायालयाचे सदस्य होते आणि दोन्हींनी अटक केली नाही. आरोप सिद्ध झालेले नाहीत, हे दोघांच्याही बाबतीत खरं. पण ते तपासले जावेत म्हणून आधी कुणीतरी त्यांना हजर करायला हवं, आणि तिथे आपण १९२० च्या डच सरकारपाशी परत येतो. बडी राष्ट्रं आणि त्यांचे दोस्त सहसा यातून निसटतात, हा पाल यांचा जुना आक्षेपही अजून जिवंत आहे. तो मला खोडता येत नाही.

मग बाबांना काय सांगायचं?

मागच्या रविवारी मी घरी गेले होते. जेवताना हे सगळं सांगितलं. तीन साहेबांपैकी दोघे तुरुंगात, एक निकालाआधी मेला. न्यायाधिकरणाने एकूण १६१ जणांवर आरोप ठेवले आणि शेवटी त्यांतला एकही फरार राहिला नाही. पण ते सगळं देशात सत्ता बदलल्यावर, बाहेरून दबाव आल्यावर, वीस-पंचवीस वर्षांनी.

बाबा म्हणाले, "म्हणजे नशीब."

नशीब आहेच, मी नाही म्हणणार नाही. पण १९९६ मध्ये जे लोक तिथे चिखलात उभं राहून मातीच्या पिशव्यांवर लेबलं लावत होते, त्यांना काराजिच कधी सापडेल हे माहीत नव्हतं. तेव्हा तो उघड फिरत होता. त्यांनी ती पिशवी नीट बंद केली नसती, जागेची नोंद केली नसती, भोवतालच्या मातीचं सॅम्पल घेतलं नसतं, तर २००८ मध्ये तो सापडूनही 'माल' या शब्दाचा अर्थ सिद्ध करायला तेवढा आधार राहिला नसता. सत्ता कधी जाईल हे शास्त्रज्ञाच्या हातात नाही. ती जाईपर्यंत पुरावा टिकवणं मात्र आहे.

हे सांगताना मला माझ्या फ्रीजमधली सॅम्पलं आठवली, ज्यांच्यातल्या दोन नळ्यांवरची मार्करची अक्षरं पुसट झाली आहेत आणि मी ती "नंतर लिहू" म्हणून तशीच ठेवली आहेत. माझ्या गाळावरून कुणी तुरुंगात जाणार नाहीये. तरी सोमवारी सकाळी लॅबमध्ये गेल्यावर पहिलं काम ते केलं.

पुढच्या लेखात परत सह्याद्रीत येऊ. नाचणीचे परागकण आणि रानगवतांचे परागकण वेगळे ओळखणं इतकं अवघड का आहे, ते सांगेन. आणि या लेखात काही चुकलं असेल तर जरूर कळवा, विशेषतः तुमच्यात कुणी कायदा शिकलेलं असेल तर.